तबकडी की सीडी : तानपुऱ्याची आस कशात खरी उतरते?

मूळ मत (गिरगाव)

तबकडीचा आवाज जिवंत आणि सीडीचा कोरडा, असे हल्ली सरसकट म्हटले जाते. माझे मत याच्या अगदी उलट आहे. तबकडीचे मधले छिद्र केसभर जरी बाजूला पडलेले असले, तरी मिनिटाला 33⅓ फेऱ्या घेताना प्रत्येक फेरीत, म्हणजे दर 1.8 सेकंदांनी, सूर किंचित चढतो आणि उतरतो. उडत्या चालीच्या गाण्यात हे खपून जाते. पण विलंबित ख्यालात गायकाने षड्ज लावलेला असताना आणि मागे तानपुऱ्याच्या जोडीच्या (षड्जातच लावलेल्या दोन) तारा अखंड बोलत असताना ते हेलकावे फार खुपतात. सीडीवरून वाचलेली माहिती आधी साठवली जाते आणि मग क्वार्ट्झच्या अचूक ठोक्यावर बाहेर सोडली जाते, त्यामुळे तिथे सूर ढळत नाही. शिवाय सुई आत सरकेल तसा तिच्याखालून जाणाऱ्या खाचेचा वेग घटतो : बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर, तर शेवटाकडे साधारण 20. द्रुत लयीतील तार सप्तकाच्या ताना बहुधा तिथेच येतात आणि तिथेच फाटतात.

प्रतिसाद (दादर)

आपण दिलेल्या आकड्यांबद्दल माझा वाद नाही. सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर सीडी सुमारे 96 डेसिबलपर्यंत पेलते आणि तबकडी त्याहून बरीच कमी, हेही मला मान्य आहे. परंतु श्रोत्याच्या हाती माध्यम येत नाही, प्रत येते. माझ्याकडे एका ख्यालाच्या एकाच ध्वनिमुद्रणाची जुनी एलपी (आपण म्हणता तीच 33⅓ फेऱ्यांची तबकडी) आणि नंतर निघालेली सीडी आहे. सीडी तयार करताना खरखर घालवण्याच्या नादात तानपुऱ्याची जवारीच, म्हणजे तारेच्या नादातली गुंजणारी झणकारच, पुसली गेली आहे. तारा छेडण्याच्या दोन आवर्तनांच्या मधली आस, म्हणजे तारेचा रेंगाळणारा नाद, जिथे भरून राहायला हवी, तिथे पोकळी ऐकू येते. एलपीवर खरखर आहे, पण तिच्या मागे तानपुरा अखंड आहे. अशा वेळी 96 डेसिबलचे मी काय करावे?

प्रतिसाद (विलेपार्ले)

मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, तबकड्यांवर बुरशी धरते, याचाही विचार व्हावा. चोरबाजारातून आणलेली तबकडी नीट धुतल्याशिवाय तिच्या आवाजावर मत देणे योग्य नाही.

मूळ लेखक (गिरगाव)

दादरकरांनी दाखवलेला दोष खरा आहे, पण तो सीडीचा नव्हे, ती तयार करणाऱ्याचा आहे. हे घरीच पडताळता येईल. त्याच एलपीचा आवाज 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झ या सीडीच्याच मापांत, कोणतीही सफाई न करता मुद्रित करावा आणि कोणते चालू आहे हे श्रोत्याला न सांगता दोन्ही आलटून पालटून ऐकवावे. मात्र दोन्हींची पातळी काटेकोर जुळवावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. माझी खात्री आहे की जवारी त्या प्रतीतही तशीच ऐकू येईल.

प्रतिसाद (दादर)

येईल, हे मी आजच मान्य करतो. पण मग त्या प्रतीत जे चांगले ऐकू येईल, ते एलपीवरूनच आलेले असेल. मूळ फितीवरून कोणी जपून नवी सीडी काढली, तर मी ती आनंदाने घेईन. तोवर हा ख्याल मी एलपीवरच ऐकणार.