मागचे स्पीकर न लावता होम थिएटर: ३.१ नीट कसं बसवायचं?

हॉलकर
हॉल ११ बाय १५ फूट. टीव्ही १५ फुटांच्या भिंतीवर, समोरचा सोफा भिंतीला टेकलेला. बसल्यावर कानापासून टीव्ही साधारण ९ फूट. सोफ्याच्या एका अंगाला बाल्कनीचं सरकतं दार, दुसरीकडे पॅसेज, म्हणजे मागचे स्पीकर बादच. ५.१ चा रिसिव्हर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा ॲम्प्लिफायर), दोन बुकशेल्फ (पुढचे छोटे डावे-उजवे स्पीकर), एक सेंटर (संवादांचा मधला स्पीकर) आणि १० इंची सबवूफर (खर्जाचा स्पीकर) आहे, म्हणजे मागच्या दोघांशिवाय ३.१. मागचा आवाज वायाच जाणार का? आणि संवाद पुटपुटल्यासारखे, मारामारी मात्र कानठळ्या बसवणारी, यावर उपाय काय?

तारजोड्या
वाया जात नाही, पण ते रिसिव्हरला सांगावं लागतं. स्पीकर कॉन्फिगरेशनमध्ये 'सराउंड'समोर 'नन' करा. मग मागच्या चॅनलचा आवाज तो पुढच्या डाव्या-उजव्यात मिसळून देतो. तिथे 'स्मॉल' तसंच राहिलं, तर रिसिव्हर तो आवाज मोकळ्या टर्मिनलना पाठवत बसतो आणि पाऊस, गर्दी, मागून येणारी गाडी हे सगळं गायब. ऑटो कॅलिब्रेशनला (रिसिव्हर माइकने आवाज मोजून स्वतः करतो ती जुळवणी) बहुधा हे आपोआप कळतं, तरी एकदा मेन्यू उघडून खात्री करा.

पुढचे तिन्ही 'स्मॉल' करा म्हणजे त्यांचा खर्ज सबवूफरकडे जाईल, क्रॉसओव्हर (ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ, एलएफईचा (सिनेमातल्या खास खर्जाच्या चॅनलचा) लो-पास, म्हणजे वरची मर्यादा, १२०. कॅलिब्रेशनने पुढच्यांना 'लार्ज' ठरवलं असेल तरी हाताने बदला. त्याने सुचवलेला क्रॉसओव्हर वर न्यायला हरकत नाही, खाली आणू नका. त्याखाली तो स्पीकर तिथे दमतो असं मोजणीतच दिसलेलं असतं. सबवूफरच्या मागची क्रॉसओव्हरची खुंटी शेवटपर्यंत फिरवा किंवा 'एलएफई'वर ठेवा, नाहीतर तोच आवाज दोनदा गाळला जातो.

सबवूफरचं अंतर टेपपेक्षा दोन-चार फूट जास्त दिसलं तर ते 'सुधारू' नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो.

मोजणीचा माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, कानाच्या उंचीवर ट्रायपॉडला लावा. पंखा आणि एसी दोन्ही बंद.

कोपरा_नको
आता जागा. ९ फुटांवर बसत असाल तर पुढच्या दोघांत साडेसात ते दहा फूट अंतर हवं, म्हणजे मधल्या रेषेपासून प्रत्येकी २२ ते ३० अंश. मागचा आवाजही आता यांच्यातूनच येणार, त्यामुळे टीव्हीला चिकटवून ठेवलेत तर सगळं एका डबीतून आल्यासारखं वाटेल. ट्वीटर (स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा भाग) कानाच्या रेषेत. सेंटर टीव्ही युनिटच्या खणात असेल तर कडेपर्यंत पुढे ओढा आणि पुढच्या बाजूखाली रबराचे तुकडे घालून तोंड वर करा. खणात आत ढकललेला सेंटर घुमतो. संवाद पुटपुटल्यासारखे वाटण्याचं निम्मं कारण बहुतेक तेच असतं. उरलेल्यासाठी सेंटरची पातळी २-३ डेसिबल वाढवा, रात्री डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन (मोठ्या आणि बारीक आवाजातला फरक कमी करणारी सोय) चालू करा.

भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर खर्ज फुगतो. निदान फूटभर पुढे घ्या. सबवूफरची जागा शोधायची जुनी युक्ती: तो सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खर्जाचं ओळखीचं गाणं लावा आणि समोरच्या भिंतीच्या कडेने रांगत ऐका. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे तो ठेवा. कोपऱ्यात आवाज मोठा येतो खरा, पण एकाच सुराचा गडगडाट होतो. सबवूफरचा फेज (त्याचा आवाज पुढच्या स्पीकरशी जुळवणारा खटका) ० आणि १८० दोन्हीवर लावून पाहा. ८० हर्ट्झच्या आसपास ज्यात भरीव वाटेल ती ठेवा.

रिमोटराव
रिसिव्हरमध्ये व्हर्च्युअल सराउंड असेल की. तेच चालू करायचं, मागून आवाज येतो!

कोपरा_नको
येतो असं वाटतं, तेही बरोबर मधे बसलेल्याला. शिवाय बऱ्याच रिसिव्हरमध्ये संवाद पातळ होतात. क्रिकेटला लावा हवं तर. सिनेमाला साधं ३.१ बरं. पुढेमागे हौस वाढलीच तर सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, कानापेक्षा दोन फूट वर, भिंतीवर छोटे स्पीकर लावता येतील. मागे जागा लागतच नाही.

हॉलकर
'सराउंड' नन केलं. आता टीव्हीच्या ॲपवर सेंटरमधून काहीच येत नाही, टेस्ट टोन मात्र येतो.

तारजोड्या
टोन येतोय म्हणजे वायर ठीक. टीव्ही स्टिरिओ पाठवतोय आणि रिसिव्हर 'स्टिरिओ' मोडमध्ये आहे. टीव्हीच्या डिजिटल आउटपुटमध्ये 'पीसीएम'ऐवजी (टीव्हीने आधीच उलगडलेला आवाज) 'पास-थ्रू' (जसाच्या तसा) किंवा 'ऑटो' करा, ॲपमध्ये ५.१ चा ऑडिओ निवडा. रिसिव्हरच्या पडद्यावर 'डॉल्बी डिजिटल प्लस' उमटलं की झालं. जुने कार्यक्रम स्टिरिओच असतात, त्यांना 'डॉल्बी सराउंड' (स्टिरिओ आवाज बाकी स्पीकरमध्ये वाटून देणारा) मोड लावा, संवाद सेंटरला येतील.

वेगळा स्ट्रीमिंग बॉक्स असेल तर तो टीव्हीला नको, थेट रिसिव्हरच्या एचडीएमआयला जोडा. साध्या एआरसीतून (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरने रिसिव्हरला परत पाठवणारी सोय) पीसीएम दोनच चॅनलचं जातं, त्यामुळे बॉक्सने ५.१ पीसीएम दिलं तरी रिसिव्हरपर्यंत स्टिरिओच पोचतं. ईएआरसी (तिचीच सुधारित आवृत्ती) टीव्ही आणि रिसिव्हर दोन्हीकडे असेल तर ही अडचण नाही.

हॉलकर
जमलं, सेंटर बोलायला लागला. वायर सध्या बारीक लाल-काळी आहे, बदलू का?

तारजोड्या
८ ओहमचे स्पीकर आणि २०-२५ फुटांपर्यंत लांबी असेल तर १६ गेज जाडीची तांब्याची वायर पुरे. 'सीसीए' लिहिलेली घेऊ नका, ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. आणि लाल-काळं दोन्ही टोकांना तपासा. एका स्पीकरचं उलटं झालं तर खर्ज पोकळ होतो आणि आवाजाचा मधला भाग हरवतो.