मदत हवी आहे: ऑफिसच्या मशीनवरच्या प्रोग्रॅमची खिडकी (विंडो) घरी उघडते, पण चित्र सरकत नाही

नमस्कार मंडळी,

घर कोथरूडला, ऑफिस हिंजवडीत. पावसात भूमकर चौकात अडकून बसण्यापेक्षा हल्ली घरूनच काम करतो. ऑफिसच्या उबुंटूवर उपग्रहचित्रं बघायचा प्रोग्रॅम आहे, क्यूटी ५ (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) वापरून केलेला. घरच्या लिनक्स लॅपटॉपवरून एसएसएचने (सुरक्षित दूरजोडणी) आत शिरतो, एक्स फॉरवर्डिंग चालू; म्हणजे एक्स ही लिनक्सवर खिडक्या दाखवणारी यंत्रणा तिथली खिडकी इथे आणते. खिडकी येते, पण चित्र जरा सरकवलं की चहा टाकून यावं, तोवर अर्धंच रंगलेलं असतं.

नेटला दोष द्यावा तर त्याच जोडणीवर एक्सटर्म (आज्ञा टाइप करायची साधी अक्षरी खिडकी) झटपट चालतो. ऑफिसकडून साधारण २५ एमबीपीएस मिळतात. कॉम्प्रेशन लावून पाहिलं, ढिम्म.

मला कळलेलं असं (चुकलो तर कान धरा): एक्समध्ये पडदा ज्याचा तो सर्व्हर, म्हणजे माझा लॅपटॉप, ऑफिसचं धिप्पाड मशीन क्लायंट. हे पचायलाच दोन दिवस गेले! ऑफिसात डिस्प्ले (कुठल्या पडद्यावर दाखवायचं तो पत्ता) ‘:०’ असतो, घरून ‘लोकलहोस्ट:१०.०’. प्रोटोकॉल तोच, वाट फक्त वेगळी. मग एवढा फरक का?

प्रतिसाद १
गोम त्या वाटेतच आहे. एक्सटर्म सर्व्हरला “इथे हे अक्षर काढ” एवढंच सांगतो. १९८७ साली एक्स ११ आलं ते अशाच कामासाठी. क्यूटी ५ सगळं स्वतः रंगवून तयार पिक्सेल देतो. एकाच मशीनवर ते शेअर्ड मेमरीतून (दोघांनाही दिसणाऱ्या सामायिक मेमरीतून) जातात, सॉकेटवर, म्हणजे जोडणीच्या वाटेवर, चढतच नाहीत. कोथरूडच्या लॅपटॉपला हिंजवडीची मेमरी कुठून दिसणार? १९२० गुणिले १०८०, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे सुमारे ८३ लाख बाइट. तुमच्या वेगाने एका चित्राला अडीच सेकंदांच्या वर. आणि उपग्रहचित्र झिपछाप दाबाला (कॉम्प्रेशनला) फारशी दाद देत नाही.

एक्सप्रा लावा, दूरच्या मशीनवरच्या एक्स खिडक्या इकडे दाखवणारा प्रोग्रॅम. खिडकी तिथल्याच आभासी पडद्यावर रंगते, बदललेला भाग तेवढा एन्कोड होऊन येतो. शिवाय नेट तुटलं तरी प्रोग्रॅम मरत नाही.

धागाकर्ता
लावलं. सरकवताना धूसर दिसतं, थांबलो की स्पष्ट होतं. पळतंय! पण ऑफिसात आता एक्सच्या जागी वेलँड ही नवी यंत्रणा आणणार म्हणतात. मग पुन्हा बोंब?

प्रतिसाद १
वेलँडमध्ये रंगवायच्या आज्ञाच नाहीत. प्रोग्रॅम पिक्सेलनी भरलेला बफर (मेमरीचा तुकडा) कॉम्पोझिटरच्या, म्हणजे सगळ्या खिडक्या जुळवून पडदा बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती देतो, तोही त्याच मशीनवर. दूरवर न्यायला वेपाइप नावाचं साधन आहे. तुमचा क्यूटी प्रोग्रॅम मात्र एक्सप्राच्या आभासी एक्स पडद्यावर तेव्हाही चालवता येईल, म्हणून एक्सप्रा काढून टाकू नका.