मदत हवी आहे : १८१२ सालच्या इंग्लिश सॅम्पलरची निगा

नमस्कार. इंग्लंडमध्ये राहत असताना एका लिलावात मी लोकरी कापडावर रेशमाने भरलेला जुना सॅम्पलर (मुली भरतकाम शिकताना टाक्यांच्या सरावासाठी भरत तो कापडाचा नमुना) विकत घेतला. त्यावर फुलीच्या टाक्याने मुळाक्षरे, अंक, एक घर आणि खाली 'वय ९, १८१२' असे भरले आहे. इंग्रजी मुळाक्षरांत 'जे' (J) हे अक्षर नाही. त्या काळच्या अनेक सॅम्पलरांत 'आय' (I) आणि 'जे' यांसाठी एकच अक्षर चालत असे, त्यामुळे ती त्या मुलीची चूक नव्हे. (शेवटच्या ओळीत जागा संपत आल्यावर तिने अक्षरे दाटीवाटीने बसवली आहेत, ते पाहून मात्र हसू येते.)

अडचण अशी, की चौकटीची काच थेट कापडाला टेकलेली आहे, मागच्या लाकडी फळीचे तपकिरी डाग कापडावर उमटले आहेत आणि एका कोपऱ्यात कसरीने खाल्लेली भोके दिसतात. लाल रेशमाचा रंग ओल्याने पसरेल या भीतीने मी पाणी लावलेले नाही, आणि काळ्या धाग्याचा तर बोट लागताच भुगा होतो.

जुन्या वस्त्रांच्या जतनाचे काम केलेल्या कोणी कृपया सांगावे, की कापड फळीवरून घरी सोडवणे सुरक्षित आहे का, आणि कसरीसाठी ते फ्रीझरमध्ये ठेवावे का?