मोठ्या स्पर्धा लागल्या की टीव्हीवर तुम्ही काय बघता?

एरवी ज्या खेळाचं नावही आपण काढत नाही, त्याचे नियम ऑलिंपिक लागलं की तीन दिवसांत तोंडपाठ होतात आणि चौथ्या दिवशी आपण सोफ्यावर लोळत पंचांना शिकवायला लागतो. त्या खेळांबद्दल लिहा. ऑलिंपिक, हिवाळी ऑलिंपिक, पॅरालिंपिक, आशियाई, राष्ट्रकुल, कुठलीही स्पर्धा चालेल. टीव्हीवर बघायला सगळ्यात जास्त काय आवडतं, बघताना नजर कुठे असते, आणि एखादी लढत डोक्यातून जातच नसेल तर कोणती? क्रिकेट आणि फुटबॉल या वेळी बाकावर बसवू. पदकांची यादी नको, ती कुठेही मिळते.

सुरुवात मीच करते. डायव्हिंग! दहा मीटरवरून उडी मारल्यापासून पाण्यात शिरेपर्यंत जेमतेम दोन सेकंद. त्यात कोलांट्या किती, गिरक्या किती, हे मला आजही मोजता येत नाही. मी फक्त पाणी बघते. जितकं कमी उडेल तितकं भारी. स्लो मोशनमध्ये हात बघा. बोटं जुळवलेली नसतात, तळवे आडवे, पाण्याला सपाट भिडतात, आणि मागून अख्खं शरीर त्या भोकातून आत जातं. टोक्योत १४ वर्षांच्या छुआन होंगचानच्या पाचपैकी दोन उड्यांना सातही पंचांनी पूर्ण १० गुण दिले. पाणी जणू तिला ओळखत होतं. आणि हो, तलावाच्या पृष्ठभागावर सतत पाण्याचे फवारे मारलेले दिसतात ना, ते शोभेचे नाहीत. नितळ पाणी वरून दिसतच नाही, म्हणून ते मुद्दाम हलतं ठेवतात.

* * *

कर्लिंग. हसून घ्या आधी.

हिवाळी ऑलिंपिकमध्ये चॅनेल बदलता बदलता सापडलेला खेळ. बर्फावरून एक जण दगड सरकवतो आणि दोघं जण पुढे झाडू मारत पळतात, हे काय चाललंय म्हणून थांबलो आणि अडकलो तो अडकलोच. दगड म्हणजे जवळजवळ २० किलोचा ग्रॅनाइट, स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या छोट्या बेटावरचा. बर्फ गुळगुळीत नसतो. त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून गोठवलेले असतात, त्यामुळे बारीक बारीक पुरळ उठल्यासारखा पृष्ठभाग होतो. दगड सोडताना त्याला हलकासा पीळ देतात, म्हणून तो जाता जाता वळतो. झाडूने घासलं की घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. म्हणजे हातातून सुटलेल्या दगडाला सुटल्यानंतरही दिशा देता येते! असा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही.

खरी गंमत आवाजाची. खेळाडूंच्या अंगावर माइक असतात. डावपेच आपल्याला थेट ऐकू येतात. हा दगड उडवायचा की त्याच्यामागे लपायचं, यावर चौघांची चर्चा, कधी कुरबुर. २०१८च्या प्योंगचांगमध्ये कोरियाच्या महिला संघात पाचही जणींचं आडनाव किम. त्यांची कर्णधार चष्मा सावरत ‘योंगमी!’ अशी हाक मारायची, ती झाडू मारणाऱ्या मैत्रिणीसाठी. त्या एका हाकेच्या सुरावरून जोरात घास, थांब, अजून, सगळं कळायचं. मला कोरियन भाषेतलं ओ की ठो येत नाही, पण उपांत्य सामना संपेपर्यंत मला योंगमी किती लांब हवी आहे ते समजत होतं. जपानविरुद्ध तो सामना जादा डावात गेला आणि ८-७ असा सुटला. अंतिम फेरीत स्वीडनने हरवलं त्यांना.

आणखी एक. हरणार हे स्पष्ट झालं की डाव बाकी असतानाच संघ हातमोजे काढून हस्तांदोलन करतो. बळंच लांबवणं हे असभ्य समजतात. सामना अडीच-तीन तासांचा असतो, तेव्हा घरच्यांचा रिमोटवरचा हक्क आधी मिटवून घ्या.

* * *

तीन तास?! मी शंभर मीटर बघतो. १० सेकंद, विषय संपला.

पॅरिसला तेवढेही लागले नाहीत. आठच्या आठ जण १० सेकंदांच्या आत, आणि नोआ लाइल्स किशेन थॉम्पसनच्या पुढे ०.००५ सेकंदाने. पडद्यावर बराच वेळ ‘फोटो’ एवढंच दिसत होतं. लाइल्सला स्वतःलाच वाटत नव्हतं की तो जिंकला. रेषेवर पाय किंवा डोकं मोजत नाहीत, धड मोजतात. ती उभी रेघ मारलेली फिनिशची प्रतिमा दाखवतात तेव्हा नीट बघा, सगळ्यात पुढे दिसतो तो थॉम्पसनचा पाय.

* * *

आमच्याकडे हे तिरंदाजी बघायला बसले की मी त्यांच्याकडे बघते. डॉक्टरांनी सांगितलंय, ताण घ्यायचा नाही. टोक्योपासून पडद्यावर तिरंदाजाच्या हृदयाचे ठोके दाखवायला लागलेत, आता बोला. दोरी ताणून उभी असलेली ती कोरियन मुलगी शांत, आणि आमच्या घरात मात्र जीव वर-खाली.

कोरियाच्या मुलींनी सांघिक सुवर्ण १९८८पासून पॅरिसपर्यंत एकदाही सोडलेलं नाही. सलग १०. म्हणून लोक म्हणतात, निकाल माहीतच असतो, बघायचं काय? अहो, तेच तर बघायचं! त्या मुलींना देशातली निवड चाचणी ऑलिंपिकपेक्षा अवघड जाते असं समालोचक दरवेळी सांगतात. पुरुषांची पॅरिसची वैयक्तिक अंतिम लढत शोधून बघा. किम वूजिन आणि ब्रेडी एलिसन, ५-५ बरोबरी, मग एकेक बाण. दोघांचेही १०. मोजपट्टी लावली तर किमचा बाण एलिसनच्या बाणापेक्षा ४.९ मिलिमीटरने मध्याच्या जवळ. ७० मीटरवरून! एलिसनने हसून त्याचा हात वर केला.

* * *

सायकलिंगची रस्त्यावरची शर्यत. निम्म्या लोकांना ही कंटाळवाणी वाटते आणि निम्मी शर्यत तशी असतेही. ते नाकारत नाही. पण टोक्योतली महिलांची शर्यत ही टीव्हीवरच बघायची गोष्ट होती, कारण रस्त्यावरच्या सायकलपटूंना जे ठाऊक नव्हतं ते आपल्याला दिसत होतं.

ऑस्ट्रियाची आना कीसेनहोफर. गणितातली डॉक्टरेट, त्या वेळी कुठल्याही व्यावसायिक संघात नाही. सुरुवातीलाच काही जणींबरोबर पुढे निसटली. १३७ किलोमीटरची शर्यत. मागच्या घोळक्यात सगळ्या नावाजलेल्या, त्यातही नेदरलँड्सचा संघ म्हणजे दादा. ऑलिंपिकमध्ये सायकलपटूंच्या कानात रेडिओ नसतो. पुढे पळालेल्यांपैकी उरलेल्या दोघींना त्यांनी गाठलं आणि समजल्या, संपलं, आता पुढे कोणी नाही. आपण पडद्यावर बघतोय, की पुढे एक आहे! अगं, आहे! ती एकटी दात-ओठ खात पॅडल मारतेय, मागे वळून वळून बघतेय. जिंकली, रस्त्यावर आडवी पडली. सव्वा मिनिटाने आनेमीक फान फ्लोटन आली, आणि तिने दोन्ही हात वर केले. तिला वाटलं सुवर्ण आपलं.

त्या क्षणी मला तिच्याबद्दल वाईट वाटलं की आनाबद्दल आनंद झाला, ते नीट सांगता येणार नाही. दोन्ही एकदम झालं.

* * *

कुस्ती, अर्थात. पण माझी नजर लढतीइतकीच कोष्टकावर असते. ज्यानं आपल्याला पाडलं तो पुढे अंतिम फेरीत गेला तरच आपल्याला रेपेचाजमधून कांस्यपदकाची वाट मिळते. म्हणजे जिनं आपल्या पोरीला चितपट केलं तिच्याच विजयासाठी देव पाण्यात घालून बसायचं. २०१६ला रिओत साक्षी मलिकचं हेच झालं. उपांत्यपूर्व फेरीत रशियन पैलवानाकडून हरली, ती रशियन अंतिम फेरीत गेली, आणि दार उघडलं. मग कांस्यपदकाच्या लढतीत पूर्वार्धात ०-५. आमच्या इथे दोघं उठून गेले. उत्तरार्धात तिनं पट काढत काढत बरोबरी केली, शेवटच्या काही सेकंदांत पुन्हा पकड जमली आणि ८-५. उठून गेलेल्यांना अजून ऐकवतो.

टीव्हीवाल्यांना एक विनंती. डाव लागतो तेव्हा कॅमेरा प्रशिक्षकावर नेऊ नका. तो ओरडणारच आहे. आम्हाला पकड कुठे आहे ते दाखवा.

* * *

वरच्या विनंतीला माझा जोरदार पाठिंबा. मैदानी प्रकार बघणाऱ्यांचे हाल तर विचारूच नका. उंच उडीचा निर्णायक प्रयत्न चालू असतो आणि प्रक्षेपणात दहा हजार मीटरची नववी फेरी दाखवत असतात. मग ‘दरम्यान’ म्हणून उडीचं रेकॉर्डिंग लावतात, तोवर निकाल खाली पट्टीत येऊन गेलेला असतो.

तरी मी उंच उडीच बघते. टोक्योत बार्शिम आणि तांबेरी दोघांनी २.३७ पहिल्याच प्रयत्नांत पार केली, २.३९ला दोघंही तीन-तीनदा चुकले. अधिकारी जादा उडीचं सांगायला आला, तर बार्शिमने विचारलं, दोन सुवर्ण देता येतील का? हो म्हटल्यावर तांबेरी त्याच्या अंगावरच चढला. अख्खं जग विरघळलं. पुढे पॅरिसला तसाच प्रसंग. हॅमिश कर आणि शेल्बी मॅकइवेन, दोघांची २.३६. यांनी वाटून न घेता उड्या मारायचं ठरवलं. दोघं दमलेले, दांडी एकेक पायरी खाली येत गेली, शेवटी २.३४वर करने जिंकलं आणि मैदानात सैरावैरा पळत सुटला. मला दुसरं जास्त आवडलं. घरात यावर मतभेद आहेत.

* * *

चालण्याची शर्यत लिहायला कोणी धजावलं नाही, म्हणून मी. त्या डुलत्या चालीवर विनोद करून झाले असतील तर नियम ऐका. एक पाय सतत जमिनीला टेकलेला दिसला पाहिजे, आणि पुढचा पाय टेकल्यापासून शरीर त्यावर उभं येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. ‘दिसला पाहिजे’ म्हणजे पंचाच्या साध्या डोळ्यांना. टीव्हीवर स्लो मोशनमध्ये दोन्ही पाय हवेत स्पष्ट दिसतात, पण पंचाला ते बघायची परवानगीच नाही. तीन लाल कार्डं झाली की बाजूच्या चौकोनात शिक्षा म्हणून थांबायचं, वीस किलोमीटरच्या शर्यतीत दोन मिनिटं. चौथं कार्ड मिळालं की घरी. त्यामुळे पुढे असलेल्याच्या नावासमोर दोन लाल खुणा दिसल्या की शेवटचे किलोमीटर कसे जातात, ते बघणाऱ्यालाच ठाऊक.

* * *

जिम्नॅस्टिक्स. त्यातही बीम, म्हणजे कसरतींची अरुंद तुळई. ५ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद, आणि मी डोळ्यांवर हात ठेवून बोटांच्या फटीतून बघते. पॅरिसची बीमची अंतिम फेरी आठवते का? हॉलमध्ये संगीत नाही, कोणी टाळी वाजवली तर बाकीचे ‘शूऽऽ’ करून गप्प करत होते, आणि एकेक जण पडत होती. सुनीसा ली पडली, सिमोन बाइल्स पडली. त्या शांततेचाच त्रास झाला असं खेळाडू नंतर म्हणाल्या. इटलीच्या अलिचे दामातोने तोल राखला आणि सुवर्ण नेलं.

दीपा कर्माकरची रिओतली प्रोदुनोव्हा उडी मात्र मी उघड्या डोळ्यांनी बघितली होती. १५.०६६ गुण, चौथी. तिसरीला १५.२१६. त्यावर जास्त बोलवत नाही.

* * *

पॅरालिंपिकमधला अंधांचा फुटबॉल. (फुटबॉल बाकावर आहे हे वाचलंय, पण हा वेगळा धरा.) आवाज मोठा करून बघा. चेंडूत घुंगरासारखं वाजणारं काहीतरी असतं. चौघं खेळाडू डोळ्यांवर पट्ट्या बांधून, गोलकीपर डोळस, आणि प्रतिस्पर्ध्याच्या गोलमागे आपलाच एक माणूस दिशा सांगायला उभा. चेंडू हिसकावायला जाताना ‘वॉय’ असं ओरडावं लागतं, नाहीतर फाउल. प्रेक्षकांनी खेळ चालू असताना चूप बसायचं आणि गोल झाला की मगच फुटायचं. पॅरिसला हे सगळं आयफेल टॉवरच्या पायथ्याशी. २००४पासून प्रत्येक सुवर्ण ब्राझीलचं होतं. ते तिथे उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर हरले आणि अंतिम सामन्यात फ्रान्सने अर्जेंटिनाला पेनल्टीवरच हरवलं. पायाला चिकटलेला चेंडू दोन्ही पायांत सतत टकटक खेळवत हे लोक तिघांना चुकवून जातात तेव्हा मी पट्टी कुणाच्या डोळ्यांवर आहे ते विसरतो.

* * *

मी प्राथमिक फेऱ्या बघतो. अंतिम फेऱ्या सगळेच बघतात. सिडनी २०००, पोहण्याची शंभर मीटरची प्राथमिक फेरी, तिघांपैकी दोघं चुकीच्या सुरुवातीमुळे बाद. उरला विषुववृत्तीय गिनीचा एरिक मूसांबानी, एकटा. १ मिनिट ५२.७२ सेकंद. शेवटच्या २० मीटरला तो बुडतो की काय असं वाटत होतं आणि सगळा तलाव उभा राहून ओरडत होता.

* * *

शॉर्ट ट्रॅक स्केटिंग राहिलंच की! सॉल्ट लेक सिटी, २००२, एक हजार मीटर. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी उपांत्य फेरीत मागे होता, पुढचे पडले, हा अंतिम फेरीत. तिथेही शेवटचा. शेवटच्या वळणावर पुढचे चौघंच्या चौघं एकमेकांत अडकून आडवे, आणि हा मागून उभा उभा येऊन सुवर्ण घेऊन गेला. लोक याला नशीब म्हणतात. त्याने आधीच ठरवलं होतं, या पोरांचा वेग आपल्याला झेपणार नाही, तेव्हा धक्काबुक्कीपासून लांब राहायचं. हिवाळी स्पर्धांचं वेळापत्रक हाती लागलं की कोणीतरी इथे टाका. कर्लिंगवाल्यांची वेळ आणि आमची वेळ एकच आली तर घरात दुसऱ्या टीव्हीची सोय आत्ताच बघावी लागेल.