कथकच्या चक्करवर डिले चालवायचाय, कुठला सेन्सर घेऊ?

मध्यलय: नमस्कार. मैत्रीण कथक करते, मी लॅपटॉपवर सिंथ आणि तानपुऱ्याचे लूप वाजवते. तिने चक्कर घेतले की डिले (सुरांचे मागून येणारे पडसाद) वाढावा आणि समेवर ती थांबली की तोही थांबावा, असं हवंय. बजेट ४००० रुपये, त्यावर एक पैसाही नाही.

गच्चीस्टुडिओ: लीप मोशन घ्या, कॅमेऱ्याने हाताच्या हालचाली ओळखणारी डबी. माझ्याकडे तीन वर्षं आहे, नुसता हात उचलला की फिल्टर उघडतो. बजेटच्या वर जाईल, पण अशा वस्तूत पैशाकडे बघू नये.

सोल्डरवाला: अहो, त्याचे कॅमेरे टेबलावरच्या हातासाठी. ही बाई रंगमंचभर फिरणार! ईएसपी३२ (ब्लूटूथवाला छोटा बोर्ड) आणि एमपीयू-६०५० (हालचाल मोजणारा सेन्सर) घ्या, दोन्ही मिळून हजाराच्या आत. मनगटावर बांधा, ब्लूटूथवरून मिडी (वाद्यांसाठीचे डिजिटल संदेश) पाठवा.

जुनीतार: हात न लावता वाजवणं १९२० पासून आहे. थेरेमिन! उजव्या हाताने सूर, डाव्याने आवाज. मी स्वतः बांधलाय, दोन महिने लागले.

सोल्डरवाला: त्यात मोशन सेन्सर कुठेय? अँटेना आणि हात मिळून कपॅसिटर होतो, इतकंच.

जुनीतार: हात हलला की सूर बदलतो ना? मग झालं की.

डोंबिवलीफास्ट: एमपीयू-६०५०च घ्या, मनगटावर. फक्त जंपर वायर (नुसत्या खोचायच्या तारा) वापरू नका. माझी ऐन तिहाईत सुटली आणि रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) पूर्ण उघडाच राहिला. अजून आठवलं की कसंतरी होतं.

तत्कार१६: एक महत्त्वाचं. चक्कर घेताना हात पसरलेला असेल, तर सेन्सरमधल्या ॲक्सेलरोमीटरला (प्रवेग मोजणारा भाग) गुरुत्वाकर्षणाबरोबर फिरण्याचाही जोर लागतो, आणि मनगट किती कललंय हे तो चुकीचं सांगतो. त्यामुळे जायरो, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा भाग, वाचा. एमपीयूचा जायरो सुरुवातीला सेकंदाला २५० अंशांवर लावलेला असतो. सेकंदाला एक चक्कर म्हणजेच ३६० अंश, म्हणजे आकडा वर जाऊन तिथेच अडकणार. १००० वर लावा.

गच्चीस्टुडिओ: लीप मोशनला हे काहीच लागत नाही.

मध्यलय: सगळ्यांचे आभार, पण मनगटावर काही बांधणार नाही. हस्तकांत, म्हणजे हातांच्या हालचालींत, मनगट सतत फिरतं आणि त्या प्रत्येक वळणाला डिले हलायला नको. कंबर मात्र मुख्यतः चक्करलाच गरकन फिरते. घरात जुना फोन होता, त्यात जायरो निघाला. तो कंबरपट्ट्याच्या आत घट्ट बसवला, वायफायवरून ओएससीने (संगीताची उपकरणं जोडायची संदेशपद्धत) आकडे लॅपटॉपवर प्युअर डेटा या ध्वनी-प्रोग्रॅममध्ये घेतले. हॉलच्या वायफायवर विसंबणार नाही, घरचा राउटर नेणार. तत्कार१६, तुमचं जायरोचं ऐकलं म्हणून काल तालमीत जमलं. फिरण्याचा वेग सेकंदाला ६० अंशांखाली आला की डिलेकडे जाणारा आवाज बंद, आधीचे पडसाद मात्र विरू देते. समेवर तिचा पाय पडला आणि मागे नुसता तानपुरा उरला.

सोल्डरवाला: फोन जड पडेल. बोर्डच घ्या.