मदत हवी आहे: पवनचक्कीचा टॉवर लाकडाचा करायचा तर जाडी किती धरायची?

नमस्कार मंडळी,
शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी पवनचक्कीचा लाकडी टॉवर हा विषय घेतलाय. विषय मनापासून आवडलाय, कारण टॉवरला एवढं स्टील लागतं आणि ते बनवताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, उलट स्प्रूसच्या (थंड प्रदेशातलं सूचिपर्णी झाड) एका घनमीटर लाकडात साधारण 0.8 टन कार्बन डायऑक्साइड इतका कार्बन बांधलेला असतो. आणि हे नुसतं कागदावरचं नाही, जर्मनीत हॅनोव्हरला 2012 मध्ये 100 मीटरचा लाकडी टॉवर उभा राहिला, त्यावर दीड मेगावॅटचं टर्बाइन बसवलं, मग स्वीडनमध्ये मॉडव्हियन कंपनीने 2020 ला 30 मीटरचा नमुना केला आणि 2023 मध्ये स्कारा गावाजवळ 105 मीटरचा टॉवर, वर वेस्टास कंपनीचं 2 मेगावॅटचं मशीन, पात्याच्या टोकापर्यंत धरलं तर 150 मीटर.

आता अडलंय कुठे ते सांगतो. तुलनेसाठी स्टीलचा टॉवर बुडाशी 4.3 मीटर व्यासाचा आणि 30 मिमी जाडीचा धरला. स्टीलचा ई (लवचिकता गुणांक, म्हणजे ताण दिल्यावर पदार्थ किती कमी ताणला जातो त्याचं माप) 210 गिगापास्कल, एलव्हीएलचा (म्हणजे पातळ व्हिनियर एकावर एक चिकटवून केलेलं लाकूड) 13 धरला. व्यास तोच ठेवून ताठपणा तेवढाच हवा असेल तर भिंत जवळपास 48 सेंमी येते आणि दर मीटर उंचीचं वजन स्टीलइतकंच, सव्वातीन टनांच्या आसपास. मग लाकडाचा फायदा काय? व्यास 6 मीटर केला की जाडी 18 सेंमीवर येते आणि वजन निम्मं होतं, पण व्यास असा मनाने वाढवलेला चालतो का? गाइड म्हणतात तुलना एकाच व्यासावर करा. शिवाय पाऊस, ओल, फटीग (भार पुन्हापुन्हा येऊन-जाऊन पदार्थ थकणं), वीज पडणं यांचं काय करायचं तेही कुणी सांगा प्लीज.

गणिती:
व्यास वाढवच, खरी गंमत तिथेच आहे. स्टीलच्या टॉवरचा व्यास 4.3 मीटरच्या आसपास अडकतो तो ताकदीमुळे नाही, रस्त्यामुळे. वेल्डिंग करून गोल केलेला अख्खा नळकांड्याचा तुकडा ट्रेलरवरून पुलांखालून न्यावा लागतो ना. लाकडाचे वक्र तुकडे एकात एक ठेवून साध्या ट्रकने जातात आणि साइटवर चिकटवून गोल करतात, त्यामुळे ती अट गळून पडते. जडत्व (छेदाच्या आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध) त्रिज्येच्या घनात वाढतं, म्हणून जरासा व्यास वाढवला तरी जाडी धाडकन उतरते. तेव्हा सारख्या व्यासावर तुलना करणं म्हणजे स्टीलची अडचण लाकडाच्या गळ्यात बांधणं, गाइडना हे नीट मांडून सांग, पटेल त्यांना. एकाच वजनाला किती ताठपणा मिळतो हे काढलंस तर दोन्ही जवळपास बरोबरीत निघतात, तुझ्या सव्वातीन टनांचं उत्तर त्यातूनच आलंय.

एक मात्र बघ, 13 हा आकडा सगळे थर एकाच दिशेला असतील तेव्हाचा. भिंत उभी चिरू नये म्हणून काही थर आडवे घालतात, मग ई 10 च्या आसपास येतो आणि 6 मीटरला जाडी 18 ऐवजी 23 सेंमी. फ्रिक्वेन्सीही तपास, रोटर (पात्यांचं चाक) मिनिटाला 15 फेऱ्यांनी फिरत असेल तर 0.25 हर्ट्झ आणि तीन पात्यांमुळे 0.75, टॉवरची नॅचरल फ्रिक्वेन्सी (धक्का दिल्यावर तो स्वतःहून ज्या गतीने डोलतो ती) या दोघांच्या मध्ये पण दोन्हींपासून लांब हवी. भिंत जाड असल्याने स्टीलच्या पातळ पत्र्यासारखी लोकल बकलिंगची (भिंत एखाद्या जागी दाबाने चुरगळण्याची) भीती फार नाही.

रानवारा:
ओलीबद्दल मी लिहितो, लाकडी बांधकामातच काम करतो. लाकडात ओल 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, तिच्या खाली ठेवलं तर लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. पोलंडमधल्या ग्लिवित्से शहरातला लार्च लाकडाचा रेडिओ टॉवर 1935 चा आहे, 111 मीटर उंच, अजून उभा आहे, आणि तो तर उघडा सांगाडा. टर्बाइनचा टॉवर बंद नळकांडं असतो, बाहेरून जलरोधक थर आणि आतून हवा खेळती, म्हणून गणितात सर्व्हिस क्लास 2 (लाकूड पावसापासून झाकलेलं, पण हवा दमट असू शकते असा वर्ग) धरता येईल, पण तो थर फाटला तर काय याचा एक परिच्छेद टाकच. फुगणं आडव्या दिशेला होतं, उभ्या दिशेला नगण्य, त्यामुळे उंचीची काळजी सोड. क्रीपचीही (कायमच्या भाराखाली हळूहळू वाकत जाणं) फार नको, वाऱ्याचा वाकवणारा भार येतो-जातो, कायमचा भार म्हणजे मशीनचं नि स्वतःचं वजन.

माझ्या मते खरा वेळ जोडांवर घालव. लाकूड फटीग छान सोसतं, स्टीलमध्ये वेल्ड हीच कमकुवत जागा असते, पण लाकडात ती जागा जोड घेतो. साइटवर चिकटवताना तापमान आणि ओल हाताबाहेर गेली तर कारखान्यातली सगळी काळजी वाया. वीज पडणं सोपं आहे, स्टीलचा टॉवर स्वतःच वीज जमिनीत नेतो, लाकडाला वरून खालपर्यंत वेगळा कंडक्टर द्यायचा. आगीसाठी हिशेबात जळण्याचा वेग मिनिटाला 0.65 मिमी धरतात.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार! ई 10 धरून आजच परत गणित करतो आणि आडव्या थरांचा वेगळा तक्ता देतो. रानवारा, साइटवरच्या जोडाची ताकद कमी धरायची झाली तर कोणता गुणक वापरू, की जोडाची जागाच वाकवणारा भार कमी असलेल्या उंचीवर ढकलू?

रानवारा:
बुडाचा जोड ढकलता येत नाही, फाउंडेशनला धरावंच लागतं, तिथे वाकवणारा भार सर्वात जास्त. आधी तोच सोडव, वरचे जोड त्याच्यापेक्षा हलक्या भाराचे असतात. गुणक मनाने नको घेऊस, गोंदाच्या आणि जोडाच्या चाचणीचे आकडे मिळव, तोवर गणित दोन-तीन वेगवेगळ्या ताकदी धरून चालव आणि उत्तर किती हलतं ते इथे टाक.