प्रगतीपुस्तकात प्रगती कुठे असते?

दुपारची_शिफ्ट

मुलगा दुसरीत आहे, मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत. पहिल्या सत्राचं प्रगतीपुस्तक घरी आलं. मराठी अ-२, गणित अ-२, कला अ-१. 'विशेष प्रगती'च्या रकान्यात 'कविता तालासुरात म्हणतो', 'आवड/छंद'मध्ये 'चित्रे काढणे' आणि 'सुधारणा आवश्यक'मध्ये 'वाचनाचा सराव करावा'. त्याच्याच वर्गातल्या दोघांची पुस्तकं पाहिली. वाक्यं तीच, फक्त जागा बदललेल्या.

आता घरी काय दिसतं ते सांगतो. बालभारतीचा धडा तो घडाघडा म्हणतो, पण बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या. न पाहिलेली गोष्ट पुढे ठेवली की 'पुस्तक'चं 'पुसतक' होतं. 'रस्त्यावर'पाशी थांबतो, चित्राकडे बघतो आणि बिनधास्त 'वाटेत' म्हणून पुढे सरकतो. म्हणजे अर्थ लागतोय, जोडाक्षर फुटत नाहीये. यावर घरी रोज दहा मिनिटं काम करता येतं. पण अ-२ म्हणजे ८१ ते ९० टक्के, एवढ्यावरून मला हे कळणार कसं?

२०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. पहिली-दुसरीला ७० टक्के भार आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे वर्गात एरवी जे दिसतं त्याला, आणि ३० टक्के सत्राअखेरच्या संकलितला. कल्पना चांगलीच आहे. मग वर्गात जे दिसतं ते माझ्यापर्यंत का पोचत नाही?

माझं मत: पहिली ते तिसरीच्या श्रेण्या बंद करा आणि दर दोन महिन्यांनी पालकाला एक पान द्या. वाचनात मूल अक्षरावर आहे, शब्दावर, परिच्छेदावर की गोष्टीवर? गणितात दोन अंकी संख्या ओळखतं का, हातच्याची वजाबाकी येते का? 'प्रथम' या संस्थेचा 'असर' हा सर्वे २००५ पासून गावोगाव घरी जाऊन नेमकं हेच विचारतो, एकेका मुलाजवळ बसून. ओसरीवर जमतं ते वर्गात का जमू नये?

सातारकर_आजोबा

आमच्या वेळी नंबर लागायचे. पहिला कोण, शेवटचा कोण, अख्ख्या आळीला माहीत. नापास झाला की त्याच वर्गात, आणि म्हणून पोरं अभ्यास करायची. तुम्ही परीक्षेची भीती घालवलीत आणि आता पान मागताय.

दुपारची_शिफ्ट

काका, शेवटच्या नंबरवाल्याला आपलं कुठे अडतंय हे कोणी सांगायचं का? ढकलपासबद्दल म्हणाल तर ते सरसकट राहिलेलं नाही. २०१९ ला केंद्राचा कायदा बदलला, २०२३ ला महाराष्ट्रानेही पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, त्यातही न जमल्यास तोच वर्ग. पण जोडाक्षराची गाठ दुसरीत पडते आणि निदान पाचवीत होतं.

खडूफळा

जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत आहे. पहिली ते चौथी मिळून ३१ मुलं. तुमचं पान वाचायला गोड आहे, पण त्याचं पुढे काय होणार ते ऐका.

आधी त्या नोंदींविषयी. तुम्हाला तीच वाक्यं दिसली कारण ती तीच असतात. वर्णनात्मक नोंदींची तयार पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरते, छापील पुस्तिकाही मिळते. विषयवार पन्नास-पन्नास वाक्यं, उचला आणि उतरवा. आळस म्हणून नाही. भाषा, गणित, इंग्रजी, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण असे सहाच विषय धरले तरी ३१ मुलांच्या एका फेरीला १८६ नोंदी होतात. शिवाय संकलितचे पेपर, वरच्या वर्गांच्या नियतकालिक चाचण्या, त्यांचे गुण पोर्टलवर, पोर्टल चालेना म्हणून रात्री अकराला. पोषण आहाराची नोंद वेगळीच. यात तुमचं पान पाचवं.

तरी तेही भरीन. पण ते पान तुमच्याकडे येऊन थांबणार नाही. महिनाभरात आमच्या शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख गोषवारा मागतील: गोष्ट पातळीवर किती टक्के? शब्दावर पाच मुलं दाखवली तर खुलासा मी करायचा. पुढच्या वेळी दोन दाखवीन. वर्षाअखेर सगळी पोरं गोष्ट वाचतात! २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा शासनाचा कार्यक्रम आला तेव्हा 'शाळा प्रगत झाली' असे फलक लागले होते, आठवतात? तेव्हा खूप चांगलं कामही झालं, नाकारत नाही. पण फलक लावायची घाई कामाच्या पुढे पळाली.

ठाणे_लोकल

मी तर म्हणते आठ वर्षांपर्यंत काही मोजूच नका. आमच्या शाळेचं ॲप आहे. रोज संध्याकाळी टिंग वाजतं: आज फोनिक्समध्ये किती तारे, डबा संपवला का. पालकांच्या ग्रुपवर लगेच स्क्रीनशॉट. 'तुमच्याकडे किती आले?' लेक पहिलीत आहे. मागच्या आठवड्यात खेळताना बाहुल्यांना म्हणाली, 'तू स्लो ग्रुपमध्ये बस.' अक्षर-शब्द-परिच्छेद या पायऱ्या तुम्ही निदानासाठी मांडाल हो, मुलं त्यांची रांग करतात. आयाही करतात, मी धरून.

दुपारची_शिफ्ट

ताई, तारे आणि 'जोडाक्षर अडतंय' यांत फरक आहे. तारा शेजारणीला दाखवता येतो. 'जोडाक्षर अडतंय' हे कोणी ग्रुपवर टाकत नाही.

ठाणे_लोकल

टाकतात. 'माझ्याचं तर जोडाक्षर पहिलीतच झालं' असं टाकतात.

लीड्सची_मावशी

इंग्लंडमध्ये २०१२ पासून पाच-सहा वर्षांच्या, म्हणजे आपल्या पहिलीच्या वयाच्या मुलांची उच्चारवाचनाची चाचणी होते. शिक्षिका मुलाला एकट्याला शेजारी घेऊन बसते. ४० शब्द, त्यातले निम्मे बनावट, ज्यांना अर्थच नाही. पाठांतरावर किंवा अंदाजावर वाचणारं मूल तिथे पकडलं जातं. शिफ्टदादा, तुमचा मुलगा 'रस्त्यावर'चं 'वाटेत' करतो ना, अगदी तेच. बहुतेक वर्षी ३२ बरोबर आले की झालं, नाही आले तर शाळा मदत देते आणि पुढच्या वर्षी पुन्हा बघते. पालकाला कळवतात. मला ते आवडलं. पण खडूफळा म्हणतात ते इथेही आहे. शाळेचा आकडा मोजला जातो म्हटल्यावर आमच्याकडे चाचणीआधी घरी बनावट शब्दांच्या याद्या येऊ लागल्या. अर्थ नसलेले शब्द मुलगा सुंदर वाचायचा, गोष्टीचं पुस्तक तसंच पडलेलं.

पेन्सिल_शार्प

नवं समग्र प्रगतीपत्रक बघितलंत का कुणी? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आलंय. मूल स्वतःचं मूल्यमापन करणार, मित्राचं करणार, पालकही लिहिणार. लहान वयोगटाला श्रेणीऐवजी झरा, डोंगर, आकाश अशा पायऱ्या. आता साहेब विचारणार, आकाशात किती टक्के?

गोदाकाठ

बीडकडचा आहे, शाळा व्यवस्थापन समितीवर. आमच्याकडे ही चर्चा वेगळी दिसते. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातं, ते उन्हाळ्यातच परततं. मुलं बरोबर. शासनाने शिक्षण हमी पत्रक काढलंय, ते दाखवून कारखान्याकडच्या शाळेत बसता येतं. त्यावरून इयत्ता कळते. पण तिसरीचं पोर नव्या गुरुजींसमोर उभं राहतं तेव्हा त्यांना इयत्तेचा काय उपयोग? अक्षरापासून सुरू करायचं की गोष्टीपासून? चार दिवस अंदाजात जातात, मग ते मागच्या बाकावर. ताई, तुमच्या लेकीला कोणी मोजू नये हे खरं. आमच्या पोरांना कोणी नीट मोजलंच नाही हा आमचा त्रास आहे.

ठाणे_लोकल

हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण ते पान शिक्षकाने शिक्षकाला द्यावं. त्यात पालक कशाला?

गोदाकाठ

पोराबरोबर पालकच जातो म्हणून. टपालाने नाही पोचत.

खडूफळा

एक सांगतो. मला माझी ३१ मुलं पाठ आहेत. शंभरपानी वही आहे, मागच्या पानांवर नाव आणि एकेक ओळ. परवाचीच बघा. ५२ वजा १७, एकीने ४५ लिहिलं. वरची पाचवी वजाबाकीही तशीच चुकलेली. सातातून दोन काढले, पाच. पाचातून एक काढला, चार. मोठ्यातून लहान काढायचं हा तिचा नियम, हातचा घ्यावा लागतो हेच तिच्या गावी नाही. वहीत ओळ: 'उलटं वजा करते. दशक सुटा करणं काड्यांनी.' गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या करायला लावल्या, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ओळीवर काट मारली. पेपरात हिला गणितात शून्य आणि ज्याला काहीच कळलं नाही त्यालाही शून्यच.

ही वही कोणी तपासत नाही, म्हणून ती खरी आहे.

दुपारची_शिफ्ट

सर, मग तीच मागतोय मी! माझ्या मुलाच्या नावापुढची ती एक ओळ. श्रेणी नको, १८६ नोंदी नकोत, झरा-डोंगर तर नकोच.

खडूफळा

ती वही तुम्हाला दाखवायची ठरली की मी ती तुमच्यासाठी लिहायला लागेन. 'उलटं वजा करते'चं 'वजाबाकीत अधिक सरावाची गरज' होईल. पुढच्या वर्षी तिचा नमुना छापून येईल, रकान्यांसकट.

सातारकर_आजोबा

म्हणजे गुरुजींना माहीत आहे, बापाला नाही, आणि कागद मात्र दोघांकडे. आमचे गुरुजी घरी येऊन सांगायचे, 'पोराला पाढे येत नाहीत.' चहा प्यायचे आणि जायचे.

दुपारची_शिफ्ट

काका, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. माझी मागणी बदलतो. पान नको. पालकसभेत प्रत्येकाला दोन मिनिटं द्या. श्रेणी विचारणार नाही, वाचताना कुठे अडतो आणि घरी काय करू, एवढंच विचारेन. गोदाकाठच्या पोरांना मात्र तो कागद मिळालाच पाहिजे, त्यात तडजोड नाही.

गोदाकाठ

आणि तो पोर्टलवर चढवायचा नाही.

खडूफळा

कोयत्याला जाणाऱ्याच्या दप्तरात चिठ्ठी घालायला मला कोणाचा आदेश लागत नाही, घालीन. बाकीच्यांना तोंडी सांगतो, दोन काय पाच मिनिटं सांगतो. पण पालकसभेला ३१ पैकी नऊ पालक येतात, तेही सही करून निघतात. बाकीचे २२ कधी येणार ते आधी सांगा.